पाच जिनसांचा पेला



मालवण, तारकर्ली, अलिबाग, नाहीतर गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या कुठल्याही मोठ्या हॉटेलात पेयांचं कार्ड उघडलं की एक नाव हमखास सापडतं : 'फ्रूट पंच'. जरा महागडं ठिकाण असेल तर त्याच्या खाली 'रम पंच' असतो, 'पिन्या कोलाडा' असतो, 'माय ताय' असतो. पेल्याच्या काठावर अननसाची फोड, वर कागदाची छत्री. असे पेले चांगले कुठे मिळतात ते शोधत पाहुणे गावोगाव फिरतात, आणि एका पेल्याला कधी कधी आपल्या दिवसभराच्या मजुरीएवढे पैसे मोजतात.

आज या पेल्याचा इतिहास सांगणार आहे. दारूचं नाव काढल्याबरोबर किती जणींच्या कपाळाला आठी पडली असेल, ते मला ठाऊक आहे. गावातलं दुकान बंद व्हावं म्हणून आडव्या बाटलीवर शिक्का मारायला रांगेत उभ्या राहिलेल्या बायका आपल्यात आहेत. ती आठी तशीच राहू द्या. पण ऐका, कारण या पेल्यातल्या बहुतेक जिनसा आपल्या स्वयंपाकघरातल्या आहेत. आणि त्यातली साखर पिकवताना बायकांचे फार हाल झाले, ते कार्डावर कुठेच लिहिलेलं नसतं.

नाव आलं पाचावरून

जॉन फ्रायर नावाचा एक इंग्रज डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत १६७३ साली आपल्याकडे आला. मुंबई, सुरत, जुन्नर, गोवा, कारवार असा तो फिरला आणि परत गेल्यावर त्याने प्रवासाचं पुस्तक लिहिलं. ते १६९८ साली छापलं गेलं. त्यात गोव्यातल्या नेरूळ गावाचा उल्लेख आहे. हे नेरूळ म्हणजे मांडवीच्या पलीकडचं, बारदेशातलं. तो लिहितो की तिथे उत्तम अर्क तयार होतो, आणि या किनाऱ्यावरचे इंग्रज त्यापासून 'पंच' नावाचं पेय करतात. नावाचं कारणही तो सांगतो : त्यात पाच जिनसा पडतात, आणि इथल्या भाषेत पाचाला पाच म्हणतात, म्हणून ते पंच.

पाच जिनसा कोणत्या? अर्क, साखर, लिंबाचा रस, मसाला आणि पाणी. पाचाचा हिशेब आपल्याला नवा नाही. पंचामृत पाचाचं, गणपतीपुढची खिरापत, म्हणजे पंचखाद्य, तेही पाचाचं. परक्या माणसाने इथे येऊन एक पेय पाहिलं, जिनसा मोजल्या आणि मोजणीचंच नाव त्याला पडलं.

सगळ्या अभ्यासकांना ही व्युत्पत्ती मान्य नाही. काही म्हणतात की हे नाव दारूच्या पिंपाच्या इंग्रजी नावावरून आलं असावं. पण हा शब्द लिहिलेला सापडतो तो हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या कागदांत. १६३२ सालच्या कंपनीच्या एका नोकराच्या पत्रात तो आहे. १६३८ साली सुरतेला आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशानेही तिथल्या इंग्रजांचं असंच पेय नोंदवलं आहे. त्यात अर्क, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. गुलाबपाणी म्हटल्यावर आपल्याला काय आठवतं? शरबत. आणि ते बरोबरच आहे. पुढे इंग्लंडात पंच करणारे लोक लिंबू-साखरेचं मिश्रण आधी तयार करून ठेवत, त्याला ते 'शरबत' असंच म्हणत. त्यात अर्क ओतला की पंच झाला.

मग हे पेय या गोऱ्या लोकांनी का उचललं? विलायतेहून यायला गलबतांना सहा-सहा महिने लागत. बरोबर आणलेली बिअर उष्ण समुद्रात आंबून जाई. इथे पोचल्यावर किनाऱ्यावर माडाच्या माडीपासून काढलेला अर्क मिळे. तो कडक, घशाला जाळणारा. त्याला लिंबू-साखरेने माणसात आणलं. इंग्रजांच्या वखारी असलेल्या गावांत पंचची दुकानं निघाली आणि खलाशी तिथे पडून राहू लागले. फ्रायरने स्वतःच लिहून ठेवलंय की हे पेय माणसाची ताकद काढून घेतं. बंगालमध्ये फिरलेल्या बर्नियर या फ्रेंच डॉक्टरनेही ते चवीला छान आणि शरीराला घातक असल्याचं लिहिलं. म्हणजे पेल्याची गोडी आणि पेल्याची हानी, दोन्हींची नोंद साडेतीनशे वर्षांपूर्वीच झाली होती.

लिंबाची किंमत कळायला लागलेली वर्षं

पाचातलं लिंबू सगळ्यात गुणाचं. लांबच्या सफरीवर खलाशांच्या हिरड्या सुजायच्या, रक्त यायचं, दात हलायचे, जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या आणि माणसं पटापट मरायची. ताजी फळं-भाजी न मिळाल्याने होणारा हा रोग, स्कर्व्ही. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने बारा आजारी खलाशी निवडले, त्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. ज्या दोघांना रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालं ते सगळ्यांत लवकर सुधारले. एक जण तर सहा दिवसांत कामावर हजर झाला.

त्याच्या सात वर्षं आधी, १७४० साली, व्हर्नन नावाच्या इंग्रज नौदल अधिकाऱ्याने खलाशांची रम पाण्यात मिसळून, दिवसातून दोन वेळा वाटून द्यायचा हुकूम काढला होता, कारण नुसती रम पिऊन माणसं झिंगून पडत. चव यावी म्हणून खलाशांनी हवं तर पदरच्या पैशाने साखर आणि लिंबू घ्यावं, असंही त्यात होतं. लिंबाने रोग जातो हे लिंडने दाखवून दिलं, तरी इंग्रजांच्या नौदलात लिंबाचा रस सरसकट द्यायला १७९५ साल उजाडलं. रमचं वाटप मात्र बिनखंड चाललं, ते थेट ३१ जुलै १९७० ला बंद झालं. सरकार कुठलंही असो, दारू पुरवायला उशीर होत नाही आणि औषधाला होतो.

साखर कुणी काढली

आता साखर. मैत्रिणींनो, या गोष्टीतला सगळ्यात जड भाग हाच.

पंच समुद्रमार्गे दूर पश्चिमेला, अमेरिकेजवळच्या कॅरिबियन बेटांवर पोचला. बार्बाडोस बेटावर इंग्रज १६२७ साली उतरले आणि १६४० नंतर त्यांनी तिथे उसाची लागवड वाढवली. ऊस तोडायला आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं गुलाम म्हणून राबवली. रस काढायचा, काहिलीत आटवायचा, साखर धरली की खाली मळी उरायची. मळी आंबवून गाळली की रम. माडाच्या अर्काच्या जागी ही रम आली आणि 'रम पंच' जन्माला आला. आपल्या साखर कारखान्यांच्या आवारात मळीपासून मद्यार्क काढण्याचे प्रकल्प आहेत, तीच ही वाट.

तिथल्या मळ्यांत बायकांचं काय होतं? गुलामांतल्या पुरुषांना सुतारकी, पिंपं बांधणं, साखर शिजवणं अशी कसबाची कामं मिळत. बायकांना ती वाट जवळजवळ बंद होती. म्हणून अठराव्या शतकाच्या शेवटी जमैकासारख्या बेटांवर शेतात राबणाऱ्या टोळ्यांमध्ये पुरुषांपेक्षा बायकाच जास्त होत्या. खड्डे खणणं, खत वाहणं, तोडणी, सगळं त्यांच्या अंगावर. चरकात ऊस सरकवताना झोपेने डोळा लागला आणि हात आत गेला, तर माणूस ओढला जाऊ नये म्हणून चरकाजवळ कुऱ्हाड ठेवलेली असे. हात तोडायचा, जीव वाचवायचा. युरोपातल्या दिवाणखान्यात चिनी मातीच्या मोठ्या वाडग्यातून पंच वाढला जाई, त्यातल्या साखरेची ही गोष्ट.

१ ऑगस्ट १८३४ पासून इंग्रजांच्या वसाहतींत गुलामगिरी कायद्याने संपू लागली. मग ऊस कोण तोडणार? मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. करारावर सही किंवा अंगठा घ्यायचा आणि जहाजात चढवायचं. त्यांना गिरमिटिया म्हणत. २ नोव्हेंबर १८३४ ला असं पहिलं मोठं जहाज मॉरिशसला लागलं. १८३८ साली गयाना, १८४५ साली त्रिनिदाद. बहुतेक माणसं बिहार, उत्तर प्रदेश आणि तमिळ मुलखातली, पण मॉरिशसला गेलेल्यांत आपली कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. आज मॉरिशसच्या हॉटेलांत फळं आणि व्हॅनिला मुरवलेली रम पर्यटकांना दिली जाते. ज्या जमिनीवरचा तो ऊस, त्या जमिनीतले दगड वेचून ढीग रचणाऱ्यांत आपल्या आज्या-पणज्या होत्या.

आणि लांब कशाला जायचं? दिवाळी सरता सरता बीड जिल्ह्यातून बिऱ्हाडं बैलगाड्यांत, ट्रॅक्टरांत भरून कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेताना हिशेब कोयत्याचा, त्यात बाईचं वेगळं नाव नसतं. मोळी तिच्या डोक्यावर, मूल काखेत, आणि नाव कुठेच नाही. साखरेची ही जुनी खोड आहे, ती बेट बदलली तरी सुटलेली नाही.

आधी बर्फ, मग प्रवासी

पेला गार झाला तो नंतर. १८३३ साली बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने अमेरिकेतल्या तळ्यांवर थंडीत गोठलेला बर्फ जहाजात भरून कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांचा प्रवास, वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. १८० टन निघाला होता, त्यातला साधारण १०० टन पोचला. मग मुंबई-मद्रासलाही बर्फ येऊ लागला. मद्रासची ती बर्फ साठवायची इमारत अजून उभी आहे, तिला आज विवेकानंद हाऊस म्हणतात.

गारवा आला तसे पेय शोधत फिरणारे प्रवासीही आले. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत देशभर दारूबंदी होती. ज्यांच्या खिशात पैसा होता ते बोटीत बसून क्युबाला, हवाना शहरात जात. तिथल्या 'एल फ्लोरिडिता' या बारचा मालक कॉन्स्टांतिनो रिबालाइग्वा लिंबू, साखर, रम आणि किसलेला बर्फ यांचा 'डायकिरी' इतका नेमका करी की लोक त्याचा हात बघायला येत. डायकिरी हे खरं तर क्युबातल्या एका गावाचं नाव, तिथे लोखंडाच्या खाणी होत्या.

दारूबंदी उठल्यावर कॅलिफोर्नियातल्या हॉलिवूडमध्ये एका फिरस्त्याने छोटा बार काढला. पुढे त्याने स्वतःचं नावच डॉन बीच करून घेतलं. बांबू, झावळ्या, मासेमारीची जाळी, शिंपले अशी सजावट, आणि पेयं कॅरिबियन रमच्या पंचाची. दुसरा विक्टर बर्जरॉन, तो ओकलंड शहरात. त्याने १९४४ साली 'माय ताय' केला. ताहिती बेटावरच्या भाषेत त्या नावाचा अर्थ 'चांगलं'. त्यात रम, लिंबू, संत्र्याचं मद्य आणि बदामाचा पाक. गंमत अशी की ज्या पॅसिफिक बेटांचा देखावा या बारमध्ये उभा केला होता, तिथल्या लोकांची जुनी रीत रमची नव्हतीच. ते कावा नावाच्या झाडाच्या मुळ्यांचा काढा पीत. लोकांनी बेटाचं स्वप्न विकत घेतलं. चव होती एकीकडची, चित्र दुसरीकडचं.

डॉन बीच आपल्या कृती इतक्या लपवून ठेवी की बाटल्यांवर नावांऐवजी आकडे असत. पेय करणारे बहुतेक फिलिपिन्समधून आलेले कामगार. हा आकडा इतका, तो आकडा तितका, एवढंच त्यांना ठाऊक. पण पेला खरा उभा केला त्या हातांनी. पुढे अनेक वर्षांनी जेफ बेरी या अभ्यासकाने तिथे काम केलेल्या एकाच्या खिशातल्या वहीवरून एक प्रसिद्ध कृती उलगडली. एवढं जपलेलं गुपित काय निघालं? पपनसासारख्या एका फळाचा रस आणि दालचिनीचा पाक!

आणखी एक बाई या गोष्टीत आहे. डॉन बीचचा धंदा वाढवला तो सनी संड हिने. हिशेब, जागा, माणसं सगळं तिने हातात घेतलं. त्यांचं लग्न झालं, मोडलं, पण धंदा तिच्याकडे राहिला आणि शिकागोसारख्या शहरांत तिने तो नेला. नाव मात्र पाटीवर नवऱ्याचंच. तिच्याही आधी, १९०३ सालापासून, लंडनच्या सव्हॉय हॉटेलचा बार एडा कोलमन ही बाई सांभाळत होती. आपल्या देशात दिल्लीला लागू असलेला एक जुना कायदा जिथे दारू प्यायली जाते अशा ठिकाणी बाईला नोकरी द्यायला मनाई करत होता. सर्वोच्च न्यायालयाने तो २००७ साली रद्द ठरवला. काम करायचं की नाही ते बाईने ठरवावं, तिच्या रक्षणाच्या नावाखाली दार बंद करू नये, असं त्या निकालाचं सांगणं.

सगळ्यात शेवटी नारळ. पोर्तो रिको बेटावरच्या कॅरिब हिल्टन हॉटेलात रामोन मार्रेरो या कामगाराने १९५४ साली नारळाची साय, अननसाचा रस आणि रम एकत्र करून 'पिन्या कोलाडा' केला, असं ते हॉटेल सांगतं. त्याच गावातलं दुसरं एक ठिकाणही हा मान मागतं. तेव्हा नारळाचं दूध काढून टिकवायची सोपी युक्ती तिथल्याच विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाने शोधली होती, म्हणून हे जमलं. नाहीतर नारळ खवून, पिळून दूध काढायचं काम किती हात भरून येईपर्यंतचं असतं, ते सोलकढी करणारीला विचारा.

आपण यातून काय घ्यायचं

जाणकार प्रवासी चांगलं ठिकाण कसं ओळखतो? तो चकचकीत दिवे बघत नाही. लिंबू समोर पिळतात की बाटलीतला रस ओततात, ते बघतो. माप वापरतात की अंदाजाने ओततात, ते बघतो. बर्फ स्वच्छ आहे का, पेल्यात काय काय आहे ते विचारल्यावर सरळ सांगतात का, भाव लिहिलेला आहे का. आणि त्या गावचं काहीतरी त्यात आहे का. गोव्यात तो काजूची फेणी मागतो. तिला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

या सगळ्या कसोट्यांना दारू लागतच नाही. लहान मुलं, बाया, गाडी चालवणारे, न पिणारे असे कितीतरी पाहुणे बिनदारूचाच पेला मागतात आणि तरी पुरते पैसे देतात. पाचातून अर्क काढला तर चार उरतात, आणि ती चारही आपली आहेत : आंबट, गोड, मसाला, पाणी. कॅरिबियन बेटांवरचं जुनं प्रमाण असं की आंबट एक भाग घेतलं तर गोड दोन, रम तीन आणि पाणी-बर्फ चार. रमच्या जागी तीन भाग अननसाचा रस घ्या. अननस मुळात गोड, म्हणून साखरेचा पाक दोनाऐवजी एकच भाग. एक भाग लिंबू, चार भाग गार पाणी, वरून चिमूटभर किसलेलं जायफळ. पंचावर जायफळ तेव्हाही किसत. कोकणातल्या गटांनी लिंबाऐवजी कोकम घ्यावं, देशावरच्यांनी आवळा किंवा चिंच. सिंधुदुर्गात काजूची बी काढून घेतली की बोंडं झाडाखाली कुजतात, त्यांच्या रसाचाही विचार करा. विकायचं असेल तर अन्न परवान्याची नोंदणी आधी, पाणी उकळलेलं आणि माप ठरलेलं. हाताची चव घरी चालते. विक्रीला प्रत्येक पेला सारखा लागतो.

आणि एक गोष्ट लिहून ठेवा, अगदी गटाच्या वहीतच : कृती कुणाची, माप काय, फळ कुणाच्या परसातलं, पिळलं कुणी. डॉन बीचच्या कामगारांकडे कृती वहीत होती, म्हणून कळली. उसाच्या मळ्यातल्या हजारो बायकांची वही कुणी ठेवली नाही. कोयत्याच्या हिशेबात अजून ठेवत नाहीत. येत्या मासिक बैठकीत विषय घ्या : आपल्या गावच्या चार जिनसा कोणत्या? यादी करा, एकदा करून बघा, सगळ्यांनी चाखा, आणि ज्या बाईचं माप जमलं तिचं नाव बाटलीच्या चिठ्ठीवर छापा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.